नामदार गोखले आणि रयतेची जमीन

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने नेहमीप्रमाणे यंदाही एका दिवंगत थोर पुरुषाचे चरित्र लिहून देण्याची आज्ञा आम्हांस केली. आजवर आम्ही बहुधा संत, समाजसुधारक आणि ज्ञातीचे हितकर्ते यांचीच चरित्रे ज्ञातिबंधुभगिनींच्या सेवेस सादर केली. यंदा कै. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची निवड करण्यास एक निमित्त घडले. गेल्या वार्षिक मेळाव्यात भोजनोत्तर गप्पा चालल्या असता एका तरुण सभासदाने सातबाराचा उतारा आमच्यासमोर धरिला आणि त्यावरील भोगवटादार वर्ग दोन या शब्दांचा अर्थ विचारिला. जमीन वडिलार्जित, तीन पिढ्यांनी कसलेली, सारा वेळच्या वेळी भरलेला. असे असता ती विकावयाची झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी का लागावी, हे त्यास उमगत नव्हते. भोवती बसलेल्यांपैकी आणखी चौघापाचांनी आपल्याही उताऱ्यावर हेच शब्द असल्याचे सांगितले. आम्ही त्या वेळी थोडक्यात उत्तर दिले. ते अपुरे होते. हा लेख म्हणजे त्या उत्तराची पुरवणी समजावी.

हे शब्द आपल्या उताऱ्यांवर निरनिराळ्या कायद्यांच्या वाटेने आले आहेत. कोणाचे वतन खालसा होऊन जमीन पुन्हा मिळाली, कोणास कूळ म्हणून मिळाली, कोणास सरकारी पडातून मिळाली. परंतु कसणाऱ्याच्या हाती जमीन द्यावयाची आणि ती दुसऱ्यास देण्याचा अधिकार मात्र सरकारने आपल्यापाशी राखावयाचा, या कल्पनेस मुंबई इलाख्याच्या जमीन महसूल कायद्यात ठाम रूप मिळाले ते १९०१ साली. त्या वेळी कायदेमंडळात उभे राहून तिला विरोध करणाऱ्या मूठभर लोकांत गोखले होते. गोखले आपल्या ज्ञातीचे नव्हेत, मग त्यांचे चरित्र ज्ञातीच्या स्मरणिकेत कशास, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर इतकेच की, ज्या रयतेसाठी ते बोलले तीत आपले आजेपणजे होते.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरनजीकच्या कोतळूक या गावी, आजोळी झाला. घराणे कोकणातील, पण कोकणात पोट भरेना म्हणून वडील कृष्णराव घाट चढून कागल संस्थानात नोकरीस राहिलेले. गोपाळ तेरा वर्षांचा असता पितृछत्र हरपले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून कागल येथे दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरिली आणि त्यांतील आठ रुपये कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाकडे पाठविण्याचा परिपाठ ठेविला. उरलेल्या सात रुपयांत वहिनीने घर कसे चालविले असेल याची कल्पना वाचक भगिनींनीच करावी. एकदा एका सोबत्याने गोपाळास नाटकास नेले आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळाची समजूत अशी की सोबती आपल्या खर्चाने नेत आहे. त्याने दोन आणे मुकाट्याने दिले आणि ते भरून काढण्यासाठी दिव्याचे तेल वाचवून रस्त्यावरील कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला. गणिताची सर्व उदाहरणे बरोबर आल्याबद्दल गुरुजींनी शाबासकी दिली असता, एक उदाहरण दुसऱ्याच्या साह्याने सोडविले असे सांगून रडू लागलेला गोपाळ तर आमच्या सर्व माजी विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. ती गोष्ट आम्ही वर्गात इतक्या वेळा सांगितली की, पुढे पुढे मुले ती आमच्या आधीच पुरी करीत.

१८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. पुढल्याच वर्षी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून लागले आणि लवकरच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. वीस वर्षे अल्प वेतनावर शिकविण्याची ती प्रतिज्ञा होती. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुढे कैक वर्षे शाळांतून चालले. फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी वाङ्मय, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असा जो विषय वाट्यास येईल तो ते शिकवीत. शिक्षक असा फिरता असला म्हणजे त्याचे ज्ञान उथळ राहते असा समज आहे. गोखल्यांच्या बाबतीत तो खोटा ठरला, कारण शिकविण्यापूर्वी पाठ करावयाचे ही त्यांची रीत. एडमंड बर्क याचा फ्रेंच राज्यक्रांतीवरील ग्रंथ त्यांस जवळजवळ मुखोद्गत होता असे सांगतात.

या ग्रंथाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. फ्रान्समध्ये १७८९ च्या नोव्हेंबरात राष्ट्रसभेने धर्मसंस्थेची सर्व मालमत्ता राष्ट्राची म्हणून ठरविली, आणि तिच्या आधारावर कागदी चलन काढून राजाने करून ठेवलेले कर्ज फेडण्याचा घाट घातला. बर्कने १७९० साली त्यावर झोड उठविली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : ज्यांनी काही गुन्हा केला नाही त्यांची मालमत्ता केवळ सरकारला गरज आहे म्हणून घेता येत असेल, तर उद्या कोणाचीच मालमत्ता सुरक्षित नाही, आणि घेणारा राजा असो की लोकांची सभा असो, ज्याचे गेले त्याला त्यात फरक नाही. बर्क हा क्रांतीचा शत्रू म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्या सर्वच मतांचा स्वीकार गोखल्यांनी केला असे मुळीच नाही. परंतु सरकारी मालमत्ता-हरणाविषयीचा हा संशय इंग्लंडातील उदारमतवादाच्या मुळाशीच आहे. बर्कच्या शंभर वर्षे आधी जॉन लॉक याने असे प्रतिपादन केले होते की, मनुष्य आपले श्रम ज्यात मिसळतो ते त्याचे होते, राज्यसंस्था ते राखण्यासाठी आहे, आणि त्यातील कोणताही भाग त्याच्या किंवा त्याच्या प्रतिनिधींच्या संमतीवाचून तिने घेऊ नये. नंतरच्या काळात जॉन स्टुअर्ट मिल याने लॉकच्या या मताला थोडी मुरड घातली. जमीन कोणा मनुष्याने निर्माण केलेली नाही, सबब तिच्यावरील हक्क इतर मालमत्तेइतका पक्का नाही, असे त्याचे मत. पण तोही जमीन घ्यावयाची तर पुरा मोबदला दिला पाहिजे असे म्हणतो. हे सर्व गोखले वर्गात शिकवीत होते. ते सारे कधी पुण्याच्या रयतेला लागू करून पाहण्याचा प्रसंग येईल असे त्यांस तेव्हा वाटले असेल की नाही, कोण जाणे.

विद्यार्थ्यांपेक्षा मोठा विद्यार्थी होण्याचे भाग्य त्यांस न्यायमूर्ती रानड्यांमुळे लाभले. सुमारे चौदा वर्षे गोखल्यांनी या गुरूपाशी बसून सरकारी अहवाल, जमाबंदीचे कागद आणि अंदाजपत्रके वाचली. लिहिलेला मजकूर रानडे तपासीत, आणि आकडा चुकला तर तो पुन्हा लिहावा लागे. सार्वजनिक सभेचे चिटणीस म्हणून आणि तिच्या त्रैमासिकाचे संपादक म्हणून हीच विद्या त्यांनी वापरली, आणि १८९७ साली लंडनास वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली तेव्हा तीस वर्षांच्या या मास्तराने हिंदुस्थानच्या खर्चाचा हिशेब मांडून भल्या भल्या अधिकाऱ्यांस विचारात पाडिले. दुर्दैवाने त्याच प्रवासात प्लेगच्या बंदोबस्तातील सोजिरांच्या अत्याचारांविषयी पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी काही विधाने केली. परत आल्यावर ती सिद्ध करता येईनात, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. त्याबद्दल त्यांची पुष्कळ निर्भर्त्सना झाली. आमच्या मते पत्रे लिहिणारांची नावे उघड न करता सारा दोष स्वतःवर घेणे हे मागे घेतलेल्या विधानापेक्षा मोठे होते. असो.

१८९९ च्या अखेरीस मध्य विभागाच्या लोकल बोर्डांतर्फे ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून आले. काळ कठीण होता. १८९६-९७ चा दुष्काळ संपतो न संपतो तोच १८९९-१९०० चा, म्हणजे आपल्याकडील वृद्ध ज्यास छप्पन्नचा दुष्काळ म्हणत तो, कोसळला. सारा थकला. आता सारा थकला म्हणजे काय होई, हे नीट ध्यानात घ्यावयास हवे, कारण सर्व मख्खी येथेच आहे.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धत होती. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी व जमाबंदी सुरू केली. त्या पद्धतीने प्रत्येक शेताचा सारा तीस वर्षांसाठी ठरे. १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने खातेदाराचा हक्क वंशपरंपरेचा व हस्तांतरणीय ठरविला. म्हणजे सारा भरावा आणि जमीन विकावी, गहाण टाकावी, लेकीस द्यावी. सरकारने मध्ये येऊ नये. पण सारा थकल्यास कलेक्टरास जमीन सरकारजमा करता येई, आणि सरकारजमा झालेली जमीन तिच्यावरील सर्व गहाणखतांतून मोकळी होई. आजवर अशी जमीन बहुधा पुन्हा लिलावाने किंवा अन्य रीतीने दिली जाई आणि घेणाऱ्यास पहिल्यासारखाच पूर्ण हक्क मिळे.

१९०१ च्या मे अखेरीस महाबळेश्वरच्या बैठकीत महसुलाचे काम पाहणारे सभासद माँटीथ यांनी या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडिले. सरकारजमा झालेली जमीन यापुढे सरकारला हव्या त्या अटींवर व मुदतीवर देता यावी, आणि ती घेणाऱ्यास कलेक्टरच्या परवानगीवाचून विकता अगर गहाण टाकता येऊ नये, हे त्याचे सार. यालाच पुढे नवी शर्त म्हणू लागले. सरकारचा हेतू असा सांगण्यात आला की रयतेच्या जमिनी सावकारांच्या घशात जात आहेत. रयतेला जमीन विकताच आली नाही तर सावकार ती गिळणार कशी?

हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नव्हता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १८७५ साली सुप्यापासून दंगे उसळले आणि रयतेने सावकारांच्या घरांतील रोखे बाहेर काढून जाळले, ते काही उगीच नव्हे. पंजाबात १९०० साली जमीन हस्तांतरणावर बंधने घालणारा कायदा नुकताच झाला होता. मग गोखल्यांनी विरोध का केला? सावकारांचा कैवार घेतला, असा आरोप त्यांच्या पक्षावर त्या वेळी झाला आणि पुढेही होत राहिला.

विधेयकाची चर्चा १९०१ च्या ऑगस्टात पुण्यास झाली. गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट अध्यक्षस्थानी होते. मंडळात सरकारी सभासदांचे बहुमत ठरलेले; लोकांनी निवडून दिलेले सभासद बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांचा पुढारी मुंबईचा सिंह फिरोजशहा मेहता. रानडे त्याच वर्षी १६ जानेवारी रोजी निवर्तले होते. गुरूवाचून उभे राहण्याचा गोखल्यांचा हा पहिला मोठा प्रसंग म्हटला तरी चालेल. माफीच्या प्रकरणाची आठवण सरकारी बाकांवर ताजी होती, म्हणून प्रत्येक शब्द तोलून बोलणे त्यांस प्राप्त होते.

त्यांच्या विवेचनाचा गाभा आमच्या शब्दांत सांगावयाचा तर असा. शेतकऱ्याची पत म्हणजे त्याची जमीन. ज्याला जमीन गहाण टाकता येत नाही त्याला बी-बियाणे, बैल, आणि खुद्द सरकारचा सारा यांसाठीदेखील कर्ज मिळणार नाही; दिले तर सावकार अधिक कठोर अटी घालील. जमीन विकण्याचा अधिकार काढून घेणे म्हणजे जमिनीची किंमत काढून घेणे. रयत नाव मिळवील, हक्क गमावील. दुसरे असे की, दुष्काळाने सारा थकला आहे. त्या थकबाकीच्या निमित्ताने जमिनी सरकारजमा करावयाच्या आणि परत देताना हक्क छाटून द्यावयाचे, हे आपत्तीचा लाभ घेण्यासारखे आहे. जप्त जमिनींचे राष्ट्रीयीकरण यापेक्षा वेगळे नाव त्यास शोभत नाही. तिसरे, ज्याच्या हितासाठी हे करावयाचे त्या रयतेकडूनच विरोधाचे अर्ज आले आहेत, आणि तरी घाई चालली आहे. लॉकने म्हटलेली संमती ती हीच. गोखल्यांनी लॉकचे नाव घ्यावयाची गरजच नव्हती.

येथे त्यांचा उदारमतवाद पुस्तकी नव्हता हे दाखविणारी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. सरकारने काहीच करू नये असे ते म्हणाले नाहीत. एखादा लहान टापू निवडावा, तेथील रयतेचे कर्ज सरकारने तडजोडीने वारावे, शेतकी पेढ्या काढून स्वस्त कर्जाची सोय करावी, आणि मग हवे तर जमिनीच्या विक्रीस बंदी घालून पाहावी, अशा प्रयोगास त्यांची तयारी होती. म्हणजे हक्काचा काही भाग घेणार असाल तर बदल्यात काही द्या. विधेयक घेत होते आणि देत काहीच नव्हते. शेतकी पेढीची कल्पना हवेतली नव्हती. सर विल्यम वेडरबर्न यांनी वीस वर्षांमागे पुरंदर तालुक्यासाठी अशी योजना आखली होती, लॉर्ड रिपन यांच्या सरकारने १८८४ साली ती उचलून धरिली होती, आणि विलायतेच्या भारतमंत्र्यांनी ती नाकारली होती.

मुळाशी एक जुना वाद होता : जमीन कोणाची? सरकार म्हणे, सारा हे खंडासारखे आहे, जमिनीचा वरिष्ठ धनी सरकार. रानडे, गोखले आणि बंगालचे रमेशचंद्र दत्त म्हणत, सारा हा कर आहे, धनी कसणारा. वरवर हा शब्दांचा खेळ वाटतो. पण सरकार धनी असेल तर सारा थकल्यावर जमीन घेणे म्हणजे आपलीच वस्तू परत घेणे होय, आणि रयत धनी असेल तर ते हरण होय. दोहोंत केवढे अंतर! याच काळात दत्तांनी लॉर्ड कर्झन यांस अनावृत पत्रे लिहिली आणि कर्झन यांनी १९०२ च्या जानेवारीत लांबलचक ठराव करून त्यांस उत्तर दिले.

विधेयकाचा विचार पुढे ढकलून लोकमत अजमावावे, ही फिरोजशहांची सूचना मतास टाकिली गेली आणि अपेक्षेप्रमाणे फेटाळली गेली. तेव्हा फिरोजशहा उठले आणि दालनाबाहेर गेले. त्यांच्यामागून सर भालचंद्र कृष्ण, गोकुळदास पारेख, दाजी आबाजी खरे आणि गोखले गेले. सभात्याग हा शब्द आज वर्तमानपत्रात रोज वाचून आपल्यास त्याचे काही वाटत नाही. त्या काळी गव्हर्नरसाहेबांसमोरून असे उठून जाणे म्हणजे केवढे धाडस! गोखल्यांच्या मवाळ प्रकृतीस ते जड गेले. जाण्यापूर्वी त्यांनी विनयाने सांगितले की, हे सरकारचा अवमान करण्याच्या बुद्धीने नव्हे. या कायद्याच्या जबाबदारीत नावापुरताही वाटा घेण्यास आपले मन तयार नाही, एवढेच. मागे उरलेल्यांनी विधेयक मंजूर केले. तोच १९०१ चा सहावा मुंबई कायदा.

आता थोडे घरचे सांगतो. आमच्या पणजोबांची साडेतीन एकर जमीन त्या दुष्काळात थकली आणि नव्या शर्तीवर परत मिळाली, असे वडील सांगत. आम्ही इयत्ता नववीत असता वडील बहिणीस मोठे आजारपण आले. घरात पैसा नव्हता. वडिलांनी एक एकराचा तुकडा विकावयाचा ठरविला, गिऱ्हाईकही शेजारचेच मिळाले. परवानगीसाठी एका कचेरीत अर्ज गेला. त्यावर अभिप्राय, फेरअभिप्राय, नकाशा, पुन्हा अभिप्राय असे होत परवानगी हाती आली तेव्हा दोन वर्षे लोटली होती आणि बहीण राहिली नव्हती. वडिलांनी तो कागद घडी करून पोथीत ठेविला. तुकडा विकला नाही. पुष्कळ वर्षे आम्हांस १९०१ चा कायदा म्हटला की हाच कागद आठवे.

परंतु सत्य सांगावयाचे तर दुसरी बाजूही त्याच घरातली आहे. आमचे एक चुलते व्यसनाधीन होते. त्यांनी ती जमीन विकण्याचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा शर्तीमुळेच तो फसला. आज त्या जमिनीवर त्यांची नातवंडे पोट भरतात. माँटीथसाहेबांस हे समजते तर त्यांनी आमच्या चुलत्यांकडे बोट दाखविले असते. आम्ही गोखल्यांचे अभिमानी असूनही यास आमच्यापाशी पुरते उत्तर नाही. एवढे मात्र वाटते की, व्यसनी चुलत्यास आवरण्याचे काम भाऊबंदांचे. त्यासाठी गावच्या सर्व शहाण्यांचे हात बांधावे काय?

१९०२ साली गोखले फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि फिरोजशहांच्या जागी कलकत्त्यास व्हाइसरॉयांच्या कायदेमंडळावर गेले. तेथील त्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. तिजोरीत शिल्लक वाढत आहे याचा अर्थ राज्य संपन्न झाले असा नसून लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतले गेले असा आहे, हा मुद्दा त्यांनी १९०२ च्या पहिल्याच भाषणात मांडिला. मिठावरील कर दर मणास अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया झाला, त्यात त्यांच्या पाठपुराव्याचा वाटा मोठा. शेतकऱ्याचे कर्ज, शेतकी पेढ्या आणि साऱ्यातील सूट हे विषय त्यांनी तेथेही सोडले नाहीत. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. आपल्या गावोगावच्या सोसायट्यांचे मूळ त्यात आहे.

१२ जून १९०५ रोजी पुण्यास त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली, त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्षस्थान भूषविले. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक १९१२ च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. यावर आम्ही मागील एका स्मरणिकेत लिहिले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. फक्त ध्यानात घ्यावे की, मालमत्तेच्या बाबतीत सरकारला दूर राहा म्हणणारा हाच पुरुष शिक्षणाच्या बाबतीत सरकारला पुढे ये म्हणत होता.

१९१२ च्या ऑक्टोबरात ते दक्षिण आफ्रिकेस गेले. गांधीजी सर्व प्रवासभर त्यांच्या सेवेस होते. तेथे मुख्य गाऱ्हाणे नाताळातील तीन पौंडांच्या कराचे असले तरी ट्रान्सवालमध्ये १८८५ च्या तिसऱ्या कायद्याने हिंदी मनुष्यास नेमून दिलेल्या वस्त्यांबाहेर स्थावर मालमत्ता धारण करता येत नव्हती. जोहान्सबर्गची अशी एक वस्ती नगरपालिकेने ताब्यात घेतली तेव्हा भाडेकरूंच्या मोबदल्याचे सत्तरएक दावे गांधीजींनी चालविले होते आणि त्यांतील एकच गमावला होता. पुण्याच्या रयतेला जमीन विकता येईना आणि ट्रान्सवालच्या हिंदी व्यापाऱ्यास ती घेता येईना. गोखल्यांनी दोन्ही पाहिले.

आपल्या तरुण सभासदाच्या प्रश्नाशी संबंध म्हणून पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेत मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो तेथून काढून कलम ३००-अ मध्ये नेला; म्हणजे कायद्याच्या आधारावाचून कोणाची मालमत्ता घेता येत नाही, इतकेच आता उरले. नवी शर्त महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेत भोगवटादार वर्ग दोन या नावाने आली. २०१९ च्या नियमांप्रमाणे ठराविक जमिनींच्या बाबतीत बाजारभावाच्या काही हिश्श्याइतके अधिमूल्य भरून वर्ग एक करून घेण्याची सोय झाली. स्वतःची जमीन पुरती स्वतःची करण्यासाठी मोजावयाचा हा पैसा आहे. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबईतील जुन्या इमारतींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने असा निर्णय दिला की, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती म्हणून धरता येणार नाही. निकाल वर्तमानपत्रात वाचला तेव्हा १९०१ च्या ऑगस्टातील तो वाद पुन्हा कोणी उघडला आहे असे आम्हांस वाटले.

गोखल्यांची प्रकृती मधुमेहाने खंगत गेली. दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासाने आणि त्यानंतर लोकसेवा आयोगाच्या कामाने तीवर अधिक ताण पडला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी रात्री पुण्यास त्यांचे देहावसान झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. ज्यांच्याशी आयुष्यभर मतभेद झाले ते लोकमान्य टिळक सिंहगडावर होते. वार्ता कळताच ते खाली आले आणि स्मशानभूमीवर त्यांच्या गुणांविषयी चार शब्द बोलले. त्याच वर्षी ५ नोव्हेंबर रोजी फिरोजशहा मेहता यांनी मुंबईस देह ठेविला.